दुसऱ्या उत्तरापर्यंत जायला हवं

इंटरनेटवरच्या प्रश्नोत्तरांतून मी जे शिकले, त्यातलं बरंचसं सगळ्यात वरच्या उत्तरात नव्हतं. ते होतं त्याखालच्या, कमी मतं मिळालेल्या, जरा लांबलेल्या उत्तरात. किंवा त्याहून खाली बारीक अक्षरांतल्या टिप्पण्यांमध्ये, जिथे कुणीतरी ‘हे नेहमी चालणार नाही’ असं म्हणून पुढे कारण दिलेलं असतं. घाईतला माणूस तिथवर जात नाही. वरचं उत्तर उचलतो, काम भागवतो, पान बंद करतो. काम भागतं हे खरंच. पण तीच अडचण जरा वेगळ्या रूपात पुन्हा समोर आली की त्याची शोधाशोध पहिल्यापासून सुरू होते, कारण पहिल्या वेळी हाती फक्त तोडगा आलेला असतो.

मी ग्रंथालयात सूचीचं काम करते. पुस्तकांच्या नोंदी करायच्या, जुन्या रजिस्टरांवरून याद्या संगणकावर आणायच्या, त्या एकमेकींशी जुळवायच्या. संगणकाचं रीतसर शिक्षण नाही. स्प्रेडशीटमधलं जे येतं ते अनोळखी लोकांनी दुसऱ्या अनोळखी लोकांना दिलेल्या उत्तरांवरून आलेलं आहे. त्यामुळे या जागांबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे.

एक उदाहरण तपशिलात सांगते, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. दोन याद्या होत्या. एकीत दाखल क्रमांक आणि पुस्तकाचं नाव, दुसरीत दाखल क्रमांक आणि पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते. क्रमांक ‘म-२१४७’ अशा धर्तीचे. दोन्हींत क्रमांक सामाईक, म्हणजे व्हीलुकअप (एका यादीतला क्रमांक दुसरीत शोधून शेजारची माहिती आणणारं सूत्र) लावलं की झालं. लावलं, तर ओळींमागून ओळी ‘सापडत नाही’ म्हणू लागल्या. डोळ्यांना दोन्हीकडचा क्रमांक अगदी सारखा दिसत होता. दोन घरं शेजारी ठेवून ती समान आहेत का असं सूत्रानेच विचारलं, तर उत्तर ‘फॉल्स’, म्हणजे नाहीत.

हा प्रश्न जगात असंख्य जणांनी विचारलेला आहे. सापडलेल्या पानावरचं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं: कडेला रिकामी जागा राहिली असेल, ट्रिम वापरा. त्याला भरपूर मतं. ट्रिम वापरलं, काही फरक पडला नाही.

दुसऱ्या उत्तराची सुरुवातच निराळी होती. लिहिणाऱ्याने म्हटलं होतं की दुरुस्तीला हात घालण्याआधी मोजा. दोन्ही घरांवर लेन हे सूत्र लावा. एकात सहा आणि दुसऱ्यात सात अक्षरं निघाली, तर सातवं अक्षर कोण आहे ते विचारा: राइट लावून शेवटचं अक्षर वेगळं काढा आणि कोड लावून त्याचा क्रमांक पाहा, कारण संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. ३२ आला तर ती साधी मोकळी जागा, ट्रिमने जाईल. १६० आला तर ती नॉन-ब्रेकिंग स्पेस. वेबपानं बनवताना दोन शब्द एकाच ओळीत राहावेत म्हणून ही जागा घालतात, आणि तिथून मजकूर उचलून चिकटवला की तीही सोबत येते. ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची जागा ओळखतं, १६० ला हातही लावत नाही. म्हणून सबस्टिट्यूट वापरून ती आधी काढायची.

माझ्याकडे १६० च आला. याद्या जुळल्या. पण मी खाली वाचत गेले, आणि टिप्पण्यांमध्ये आणखी कुणीतरी लिहिलं होतं की कोडने ६३ दाखवलं तर फसू नका. ६३ हा प्रश्नचिन्हाचा क्रमांक आहे, आणि कोडच्या आवाक्याबाहेरचं अक्षर आलं की ते तोच सांगतं. तेव्हा युनिकोड हे सूत्र वापरा. कदाचित ८२०३ दिसेल. म्हणजे शून्य रुंदीची जागा, जी पडद्यावर दिसतच नाही, पण मोजताना अक्षर म्हणून धरली जाते.

आता या तिघांनी मला काय दिलं ते पाहा. पहिल्याने तोडगा दिला, तो माझ्या कामाचा नव्हता. दुसऱ्याने पद्धत दिली: डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा, आणि जास्तीचं जे आहे त्याचं नाव-गाव विचारा. तिसऱ्याने त्या पद्धतीची हद्द दाखवली, ती कुठे कमी पडते आणि मग काय करायचं ते सांगितलं. हे तिघे एकमेकांना ओळखत नसणार. त्यांच्या लिहिण्यात वर्षांचं अंतर होतं. पण ते पान वरून खाली वाचलं की एक माणूस शांतपणे शिकवतो आहे असं वाटतं, आणि तो कुठल्याही एकट्या माणसापेक्षा चांगला शिकवतो.

मतांचा हिशोब कसा चालतो हे माहीत असेल तर वाचण्याची नजर बदलते. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमर लोकांचं प्रश्नोत्तरांचं संकेतस्थळ २००८ साली सुरू झालं, जेफ ॲटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांनी केलं. तिथे प्रश्न विचारणारा एका उत्तरावर हिरवी खूण करू शकतो. ती खूण म्हणजे ‘माझं काम झालं’ एवढंच. विचार करा, त्या पानावरच्या सगळ्यांमध्ये त्या विषयातलं सगळ्यात कमी जाणणारा माणूस बहुधा तोच असतो, म्हणून तर त्याने विचारलेलं असतं! तरीही कितीतरी वर्षं खूण मिळालेलं उत्तर आपोआप सगळ्यात वर बसायचं. २०२१ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने ती पद्धत बंद केली आणि मतांप्रमाणे क्रम लावायला सुरुवात केली. मला तो निर्णय फार योग्य वाटतो. अर्थात मतांनाही मर्यादा आहेत. आधी आलेलं उत्तर आधीपासून मतं गोळा करत असतं, आणि छोटं, पटकन चिकटवता येण्यासारखं उत्तर लोकांना आवडतं. नंतर आलेलं, सावकाश समजावणारं उत्तर मागे पडतं, चांगलं असूनसुद्धा.

तिथला एक नियम मला विशेष आवडतो. दुसऱ्याच्या उत्तराला उणं मत दिलं की त्याचे दोन गुण जातात, आणि देणाऱ्याचाही एक जातो. नापसंती दाखवायला स्वतःच्या खिशाला थोडी झळ बसली पाहिजे, हा विचार ज्यांनी केला त्यांना माणसं चांगली कळत होती.

विचारण्याबद्दल थोडं. ग्रंथालयशास्त्रात रॉबर्ट टेलर यांचं १९६८ सालचं एक मांडणं प्रसिद्ध आहे. वाचकाची गरज चार पायऱ्या उतरून मेजापर्यंत येते असं ते म्हणतात. आधी नुसती आतली अस्वस्थता, जी शब्दांत आलेलीच नसते. मग ती मनाला जाणवते, पण विस्कळीत. मग तिचा नीट प्रश्न होतो. आणि शेवटी समोरच्याला काय मिळण्यासारखं आहे याचा अंदाज घेऊन तो प्रश्न कापूनछाटून विचारला जातो. ग्रंथपालापर्यंत पोचतो तो हा चौथा प्रश्न. माणूस येतो आणि ‘इतिहासाची पुस्तकं कुठे आहेत?’ असं विचारतो. दोन प्रश्न उलटे विचारले की कळतं, त्याला शिडाच्या जहाजावर खलाशी झोपायचे कसे एवढंच हवं आहे. तो तसं विचारत नाही, कारण त्याला वाटतं एवढं बारीक सांगून काय उपयोग.

इंटरनेटवर हेच घडतं, पण तिथे उलटा प्रश्न विचारायला कुणी समोर बसलेलं नसतं. प्रोग्रॅमर लोकांत याला एक्स-वाय प्रॉब्लेम म्हणतात. अडचण असते एक, माणसाने मनातल्या मनात तिचा मार्ग ठरवलेला असतो, आणि तो मार्गात अडला की फक्त मार्गाबद्दल विचारतो. ‘फाइलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं कशी काढायची?’ असं कुणी विचारतं. उत्तरं येतात, कामही होतं. त्याला खरं तर फाइलचा प्रकार हवा असतो, आणि प्रकार दर वेळी तीनच अक्षरांचा नसतो. म्हणून मी लिहिताना आता पहिल्या ओळीत शेवटी काय साधायचं आहे ते सांगते, मग काय करून पाहिलं, आणि मग कुठे अडलं. सोबत दोन-तीन ओळींचा नमुना, खऱ्या यादीतला नाही, पण तीच अडचण दाखवणारा. हा नमुना बनवणं म्हणजे निम्मं शिकणं. अडचण कायम ठेवून बाकी सगळं काढून टाकायचं असतं, आणि काय काढलं तर अडचण नाहीशी होते हे दिसू लागलं की कारण जवळ आलेलंच असतं.

नवख्या माणसाला या जागा दुखावतात, हेही बोललं पाहिजे. पहिलाच प्रश्न विचारावा आणि काही मिनिटांत त्यावर ‘हा आधी विचारला गेला आहे’ असा शिक्का बसावा. मला त्या शिक्क्यामागचा हेतू कळतो. सूचीत आम्ही ‘पाहा’ नोंद करतो: लेखक टोपणनावाने शोधला तर वाचकाला मूळ नावाकडे पाठवायचं. शिक्का तेच काम करतो, आणि त्यामुळे दहा ठिकाणी विखुरलेली उत्तरं एका जागी येतात. पण ‘पाहा’ नोंद वाचकाला हाकलत नाही, रस्ता दाखवते. शिक्का मारणाऱ्याने ‘तुमचा प्रश्न तोच आहे, फक्त तिथे क्रमांकाऐवजी तारखा आहेत’ एवढी एक ओळ लिहिली, तर तो माणूस उद्याही येईल. २०१८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोने स्वतःच जाहीर लिहिलं होतं की नवीन लोकांना इथे परकं वाटतं आणि हे बदलायला हवं. लिहिलं ते चांगलं केलं. चुकीचा प्रश्न विचारण्याच्या भीतीने गप्प बसलेली माणसं मी रोज पाहते, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचीही बाजू मऊपणे घेणार नाही.

उत्तरं देऊ लागल्यावर शिकणं दुप्पट झालं. त्यातली एक गोष्ट मराठी लिहिणाऱ्या सगळ्यांच्याच कामाची आहे. कुणीतरी विचारलं होतं की देवनागरीतली नावं अक्षरानुक्रमे लावली, तर ‘ॲरिस्टॉटल’ एकदा यादीच्या सुरुवातीला आणि एकदा थेट ‘ह’च्या खाली का येतो? मला दाखल क्रमांकांचा तो प्रसंग आठवला आणि मी मोजायला बसले. एकाची लांबी नऊ, दुसऱ्याची दहा. पहिलं अक्षर युनिकोडला विचारलं, तर एकात २४१८ आणि दुसऱ्यात २३०९. मग उलगडा झाला. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली. त्याआधी, आणि कित्येक कळफलकांवर त्यानंतरही, लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत आले, म्हणजे २३०९ आणि २३७३ अशी दोन चिन्हं. पडद्यावर दोन्ही सारखी. पण ‘ह’ आहे २३६१, आणि नवीन ‘ॲ’ त्याच्याही पुढे २४१८. संगणकाने निव्वळ क्रमांकाने लावलं तर एक ॲरिस्टॉटल ‘अ’मध्ये राहणार आणि दुसरा ‘ह’ ओलांडून पलीकडे जाणार. उपाय सोपा आहे: लावण्याआधी सगळीकडे एकच रूप करून घ्यायचं.

मी हे सगळं आकड्यांसकट लिहिलं. काही दिवसांनी खाली एकाची टिप्पणी आली की ‘किनाऱ्यावर’ मधल्या ‘ऱ्या’चंही असंच आहे. कुणी ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने लिहितं, तर कुणी साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे ८२०५, घालतं. दोन्ही सारखं दिसतं, शोधताना मात्र एक सापडतं आणि एक हरवतं. हे मला माहीत नव्हतं. आमच्या सूचीत शोधून पाहिलं, तर खरोखरच एका शब्दाची दोन रूपं दोन वेगळ्या पुस्तकांच्या नावांत बसलेली. मी उत्तर दिलं नसतं तर हे मला कुणी सांगितलं असतं? मी तर विचारलंही नव्हतं.

मोठमोठी माणसंही अशा पानांवर सावकाश बसून लिहितात. गणितज्ञांसाठीचं मॅथओव्हरफ्लो २००९ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी तिथे कुणी विचारलं की माझ्यासारख्या सामान्य माणसाने गणितात काय भर घालायची? त्याला विल्यम थर्स्टन यांनी उत्तर दिलं. १९८२ चं फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला फार मोठा सन्मान, मिळालेला हा माणूस. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की गणिताचं फळ म्हणजे माणसांमधली समज, नुसती प्रमेयं नव्हेत, आणि समज जिवंत राहते ती एकमेकांना समजावत राहणाऱ्या लोकांमुळे. विचारणाऱ्याला त्यांनी लहान लेखलं नाही, हे मला त्या उत्तरात सगळ्यात जास्त भावतं.

आणि निनावी माणसंही लिहितात. २०११ सालचं एक उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. जपानी ॲनिमेशनवर गप्पा मारण्याच्या एका जागी कुणी विचारलं होतं: १४ भागांची मालिका शक्य त्या प्रत्येक क्रमाने पाहायची, तर सलग कमीत कमी किती भाग पाहावे लागतील? प्रश्न अगदी रिकामटेकडा वाटावा असा. एका निनावी माणसाने खाली सिद्धता लिहून दाखवली की किमान ९३,८८,४३,१३,६११ भाग लागतीलच, त्याहून कमीत जमणार नाही. गणितात याच स्वरूपाचा प्रश्न आधीपासून अभ्यासला जात होता, आणि ही किमान मर्यादा तोवर कुणी तिथे मांडलेल्या मर्यादांपेक्षा सरस होती. २०१८ मध्ये गणितज्ञांचं तिकडे लक्ष गेलं. त्यांनी ती सिद्धता रीतसर लिहून काढली आणि पहिल्या लेखकाच्या जागी त्या संकेतस्थळावरचा ‘निनावी लेखक’ असंच घातलं. सात वर्षं ते उत्तर तिथे पडून होतं. पडून राहू शकलं, म्हणून सापडलं.

ही पडून राहण्याची गोष्ट मला सध्या फार महत्त्वाची वाटते. आता बरेच लोक एआयला विचारतात. मीही विचारते, सूत्रातला कंस कुठे चुकला हे ते पटकन सांगतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये, चॅटजीपीटी येऊन काही दिवसच झाले होते, तेव्हा स्टॅक ओव्हरफ्लोने अशी यंत्राने लिहिलेली उत्तरं टाकायला बंदी केली, कारण ती वाचायला चोख आणि तपासायला गेलं तर पुष्कळदा चुकीची निघत होती. त्यानंतर तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या खूप घटली आहे. यंत्राचं उत्तर सुधारेल, सुधारतही आहे. माझी काळजी वेगळी आहे. यंत्राला मी विचारते, मला उत्तर मिळतं, आणि ते माझ्याचजवळ राहतं. त्याखाली ‘६३ आला तर फसू नका’ असं लिहायला तिसरा माणूस येत नाही. उद्या त्याच अडचणीत सापडलेल्या माणसाला ते सापडत नाही. शिवाय ही यंत्रं जे शिकली, त्यात अशा पानांवर लोकांनी फुकट लिहून ठेवलेल्या उत्तरांचाही वाटा आहे. ती पानंच भरायची थांबली तर पुढे काय, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

आणि पानं आपोआप टिकत नाहीत. याहू आन्सर्स २००५ मध्ये सुरू झालं आणि ४ मे २०२१ ला बंद झालं. त्यात पुष्कळ फालतू होतं, मान्य. पण त्यात आजीच्या वयाच्या बायकांनी विणकामातला सुटलेला टाका कसा उचलायचा ते सांगितलेलं होतं, आणि रात्री उशिरा गृहपाठासाठी अडलेल्या मुलांना कुणीतरी धीराने भागाकार समजावलेला होता. स्टॅक ओव्हरफ्लोवरचं लेखन खुल्या परवान्याखाली असतं, मूळ लेखकाचं श्रेय देऊन आणि तोच परवाना पुढे ठेवून कुणीही ते घेऊ शकतं. म्हणून मी कुठे लिहायचं ते निवडताना हे पाहते.

एआयकडून किंवा खटपट करून एखादी गोष्ट सुटली, की ती मी स्वतःच प्रश्न म्हणून टाकते आणि खाली स्वतःच उत्तर लिहिते. स्टॅक ओव्हरफ्लोवर याला मुभा आहे, फार लोकांना माहीत नसतं एवढंच. उत्तरात उपाय असतोच, पण मी का, कुठे मोजलं आणि काय दिसलं हेही लिहिते, म्हणजे वेगळी अडचण असलेल्यालाही त्यातली पद्धत उचलता येईल.

सध्या माझा एक प्रश्न उत्तराविना पडून आहे. मराठी शब्दकोशात ‘ळ’, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी येतात, ‘ह’च्या नंतर. स्प्रेडशीटने क्रमांकाप्रमाणे लावलं की ‘क्ष’ जातो ‘क’मध्ये, ‘ज्ञ’ जातो ‘ज’मध्ये आणि ‘ळ’ बसतो ‘ल’शेजारी. शेजारी जास्तीचा स्तंभ घालून, त्यात अक्षरं बदलून, त्यावरून क्रम लावता येतो. तेवढं मला येतं. मला हवं आहे ते असा स्तंभ न घालता, कारण यादी रोज वाढते आणि तो स्तंभ दर वेळी कुणीतरी पुसतं. काय साधायचं आहे, काय करून पाहिलं आणि सात शब्दांचा नमुना, सगळं प्रश्नात दिलेलं आहे. तुम्हाला माहीत असेल तर कृपा करून मला निरोप पाठवू नका. असल्या प्रश्नांच्या एखाद्या खुल्या पानावर लिहा, आणि तुमच्या उत्तरात कुठे खोट असेल तर ती सांगायला दुसऱ्या कुणाला तरी जागा राहू द्या.